शेवटची मेख दौलतरावांची

मी काथ्याची मॅट बोलतेय. निम्मी. उरलेली निम्मी चिंचवडला एका कारखान्याच्या ऑफिसच्या दारात पडलीय आणि साहेब लोक तिच्यावर बुटांचा चिखल पुसतात. तिचं तिनं सांगावं. मी माझं सांगते.

आधीच सांगून ठेवते, मला गोड बोलता येत नाही. माझा पिंडच खरखरीत. विश्वास बसत नसेल तर उघड्या गुडघ्यानं माझ्यावर एकदा पडून बघा. थोरामोठ्यांविषयी मी जे बोलणार आहे ते ऐकून कुणाच्या कपाळाला आठी पडली तर पडो. मी त्या सगळ्यांच्या पायाखाली राहिलेय. माणसाचं तोंड एक सांगतं आणि टाच दुसरंच. मला टाचा कळतात.

माझा जन्म मलबारकडचा. नारळाची सोडणं खाडीच्या पाण्यात कुजवली, बायकांनी ती बडवली, वळली, आणि मागावर माझी लांबलचक पट्टी झाली. काठाला कॅनव्हास शिवलं, त्यात पितळी कड्यांची भोकं पाडली. आगबोटीनं मुंबई गाठली आणि एका खेळाच्या दुकानात मी गुंडाळी होऊन कोपऱ्यात उभी राहिले. हे साल पन्नास.

तिथं दौलतराव आले. दुकानदार गल्ला सोडून उठला, गिऱ्हाइकं बाजूला झाली. दौलतराव गावडे, चिंचवडचे. हिंदुस्थानच्या संघातून कसोट्या खेळलेले, आगबोटीनं विलायतेला जाऊन आलेले, लेगब्रेक टाकणारे. त्यांनी माझा काठ दोन्ही हातांत धरून ताणला, वास घेतला आणि म्हणाले, "ही द्या. हिच्यावर चेंडू बोलंल."

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! आता हसू येतं.

तेव्हा पिंपरी-चिंचवडला कारखाने नुकते उगवत होते. रुळांच्या अल्याड बाजरी, पल्याड चिमणी. इंजिनं बनवणाऱ्या एका कारखान्यानं दौलतरावांना नोकरी दिली होती. काम एवढंच, की खुर्चीत बसायचं आणि रविवारी कारखान्याच्या संघाकडून खेळायचं. संघ अर्धा कामगारांचा, अर्धा गावचा. कुणी बीडकडून आलेलं, कुणी रत्नागिरीचं, कुणी चिंचवडचेच शेतकरी. स्टेशनाशेजारच्या माळावर लाल मातीची पट्टी केलेली, तिच्यावर मला अंथरायचं.

अंथरायची एक रीत होती. आधी एका टोकाच्या मेखा ठोकायच्या. मेख म्हणजे लोखंडी खिळा, हातभर नाही पण वीतभर तरी. मग दुसऱ्या टोकाला चार गड्यांनी मला ओढायचं आणि बाजूच्या मेखा ठोकत यायचं. सगळ्यात शेवटी स्टेशनाकडचा डावा कोपरा. तिथं सगळे थांबायचे. दौलतराव हातोडा घेऊन यायचे, वाकायचे, माझ्या काठाखाली अंगठा घालून बघायचे, कोपरा स्वतः खेचायचे आणि शेवटची मेख स्वतः ठोकायचे. ताण जास्त झाला तर चेंडू डोक्यावरून जातो, कमी झाला तर मी सुरकुतते आणि फलंदाजाचा पाय अडकतो. नेमका किती ताण, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "ते हाताला कळतं."

कळतं म्हणे. अहो, मग दुसऱ्याच्या हाताला कळू द्या ना! पण नाही. थोर माणसाची ही पहिली खोड. आपल्या हातातलं कसब दुसऱ्याच्या हातात गेलं की आपला हात रिकामा होईल, असं त्याला वाटत राहतं.

मेखेचं तसंच धावांचं. पिचवर कुणीही असो, आरोळी दौलतरावांची. "चला!" गाडीच्या बैलांना हाक घालावी तसा आवाज. ते स्वतः खेळत नसले तरी झाडाखालच्या खुर्चीतून "चला!" आणि दोघे पळत सुटायचे. क्षेत्ररक्षण तेच लावायचे, गोलंदाज तेच बदलायचे. पहिल्या स्लिपमध्ये कमरेवर हात ठेवून उभे राहिले की बाकीचे दहा जण त्यांच्या भुवईकडे बघायचे. भुवई हलली की हलायचे.

आम्ही जिंकायचो. खडकीच्या संघाला हरवायचो, लोणावळ्याच्यांना हरवायचो. गावातले म्हातारे मिशीवर हात फिरवायचे. त्यांचे म्होरके मारुतराव, संघाच्या कमिटीचे अध्यक्ष. आयुष्यात बॅट धरली नव्हती, पण सामन्याला फेटा बांधून पहिल्या रांगेत. "आमचा दौलत हाय तवर कुणाची छाती न्हाई," म्हणायचे. तो नसेल तेव्हा काय, हे त्यांच्या फेट्याखाली कधी शिरलं नाही.

मधे कसोटीच्या संघानं दौलतरावांना नारळ दिला. नारळाचं मला कुणी सांगू नये, मी त्याच्यातच जन्मले. त्यांनी घरी येऊन कुणाशी चार दिवस बोलणं टाकलं. मला हे ठाऊक, कारण माझा मुक्काम त्यांच्याच पडवीत होता. सामना संपला की मला गुंडाळून तिथं उभी करायचे. मेखांची पिशवी माझ्याशेजारी, हातोडा वरच्या खुंटीला. त्यांच्या बायको शालनबाईंना माझ्यावर मिरच्या वाळत घालायच्या होत्या. दौलतराव म्हणाले, "तिच्यावर मिरच्या? मी तिच्यावर विकेटी काढतो!" शालनबाई म्हणाल्या, "मग चटणीला विकेटीच वाटते."

मग ते आणखी जोरात आमच्या संघाला धरून बसले. आणि मला कळायला लागलं. पुढचा पाय पूर्वी ठाम पडायचा, तो घासत यायला लागला. उजवी टाच अंग चोरायला लागली. लेगब्रेक टाकताना पाऊल वळायचं, ते वळेना. चेंडू सरळ जायचा आणि मारुतराव ओरडायचे, "बघा, आता सरळ टाकून फसवतोय!"

फसत कोण होतं? एक जण फसत नव्हता. ज्योतीराम.

ज्योतीराम बीडकडचा. शाळा अर्ध्यात सोडून लेथवर लागलेला, विशीतला, काळा, हाडकुळा. गावाकडे त्याच्या आईला, मंजुळाबाईला, कुणी विचारलं की पोरगं काय करतं, तर ती सांगायची, "चेंडूच्या कारखान्यात हाये." तो फलंदाजीला आला की माझ्यावर त्याचे पाय हलके पडायचे. पुढे, मागे, पुन्हा पुढे. मी कित्येकांचे पाय सोसलेत. त्याचे पाय मला आवडायचे.

पंचावन्नच्या हिवाळ्यात खडकीशी सामना होता. शेवटची जोडी म्हणजे दौलतराव आणि ज्योतीराम. दोन धावा हव्या होत्या. दौलतरावांनी चेंडू कव्हरकडे ढकलला आणि आरोळी दिली, "चला!"

चेंडू सरळ क्षेत्ररक्षकाच्या हातात चालला होता. दुसरा कुणी असता तर मान खाली घालून पळाला असता आणि दौलतरावांच्या जागी स्वतः बाद झाला असता. तशी पद्धतच पडली होती आमच्यात. दौलतरावांची चूक दुसऱ्यानं आपल्या विकेटीवर घ्यायची आणि "माझंच चुकलं" म्हणत बाहेर जायचं.

ज्योतीराम हात वर करून ओरडला, "थांबा! थांबा, दौलतराव!"

माझ्यावर दौलतरावांची टाच रुतली. थांबले. चेंडू आला तो थेट यष्ट्यांवर, पण तोवर त्यांनी मागं फिरून बॅट टेकवली होती. वाचले. पुढच्या षटकात ज्योतीरामनं चौकार मारला आणि आम्ही जिंकलो.

माळावर नुसता गोंधळ झाला. त्या गोंधळात दौलतराव माझ्या मधोमध उभे राहिले, टोपी काढली आणि म्हणाले, "आजपास्नं आमी थांबलो."

लोकांना वाटलं थट्टा. मला वाटलं नाही. त्यांची टाच केव्हाच घराकडे वळली होती.

आता हे नीट ऐका. माणूस म्हातारा होतो, खेळ सोडतो, यात काही वाईट नाही. पण दौलतरावांनी वयामुळे खेळ सोडला नाही. दुसऱ्या कुणाची आरोळी बरोबर निघाली म्हणून सोडला. पोराच्या पाठीवर हात ठेवून "शाबास, वाचवलंस" म्हणाले असते तर तो हात आणखी मोठा झाला असता. ते रुसले. आणि जाताना, फुटलेल्या बांधानं सगळं वाहून न्यावं तसं, संघाचं होतं नव्हतं ते घेऊन गेले.

संध्याकाळी मारुतरावांनी ज्योतीरामला झाडाखाली गाठलं. मी गुंडाळून तिथंच पडले होते.

"कसोटी खेळल्याल्या मान्साला थांब म्हंतो? तुझी लायकी काय रं?"

"मी रनला थांबा म्हणलो, काका. खेळायचं थांबा नाही म्हणलो."

"त्येच ते! घालवलास आमचा वाघ. आता सांभाळ संघ. तूच कप्तान."

असा कप्तान झाला बिचारा. बक्षीस म्हणून नाही, शिक्षा म्हणून. पोरगं रात्रभर... नाही, ते मला काय ठाऊक. दुसऱ्या दिवशी पडवीत दौलतरावांच्या पाया पडायला आलं, एवढं मी पाहिलं. ते वर्तमानपत्र वाचत राहिले.

मग सत्कार झाला. हार, शाल, भाषणं. एका वक्त्यानं सांगितलं, दौलतरावांची जागा कुणी भरून काढू शकणार नाही. टाळ्या. दुसऱ्यानंही तेच सांगितलं. आणखी टाळ्या. ज्यांनी ती जागा भरायची होती, ते अकरा जण मागे सतरंजीवर बसून टाळ्या वाजवत होते. आणि गंमत म्हणजे मंडळींनी ते खरंच केलं. जागा रिकामी ठेवली.

पुढच्याच सामन्यात मारुतरावांचं फर्मान निघालं: पहिल्या स्लिपमध्ये कुणी उभं राहायचं नाही. "दौलतची जागा हाय ती. बरं दिसत न्हाई." खोटं वाटतं? लोणावळ्याच्या सलामीवीराची कड लागली, चेंडू पोटाच्या उंचीनं त्या रिकाम्या जागेतून गेला आणि सीमेपार. यष्टीरक्षक होता भैरू, चिंचवडचाच शेतकरी गडी, तोंडाचा फटकळ. तो माझ्यावर ग्लोव्ह्ज आपटून म्हणाला, "घ्या! दौलतरावांच्या पुण्याईनं झेल सोडला!"

दुसऱ्या सामन्याला स्लिप भरली. पण शेवटची मेख राहिली.

"येवडं तरी ठेवा," मारुतराव म्हणाले. "शेवटची मेख दौलतरावांची. ते येतील तवा मारतील."

आणि तेव्हापासून स्टेशनाकडचा माझा डावा कोपरा मोकळा राहायला लागला. कुणी त्याच्यावर दगड ठेवायचं, कुणी पायानं दाबून जायचं. मेख तिथंच शेजारी गवतात पडलेली, दर रविवारी धुऊन पुसून आणलेली, जणू देवाची.

संघाचं काय झालं, तेही सांगते. दोघे फलंदाज चेंडू मारायचे आणि जागेवर उभे. आरोळीची वाट बघायचे. एकदा दोघेही एकाच टोकाला आले, एकदा दोघेही पळाले नाहीत आणि तरी एक जण बाद झाला. गोलंदाज चेंडू टाकण्याआधी झाडाखालच्या खुर्चीकडे बघायचा. खुर्ची रिकामी. हरलो, पुन्हा हरलो, आणि प्रत्येक वेळी म्हातारी मंडळी मान हलवत घरी. "दौलत गेला, संघ गेला."

खोटं! दौलत होता तेव्हाच संघ नव्हता. एक माणूस होता आणि त्याचे दहा हातपाय. डोकं गेल्यावर हातपाय काय करणार?

ज्योतीरामनं मात्र हट्ट सोडला नाही. पाळी सुटली की संध्याकाळी गड्यांना माळावर आणायचा. मला न अंथरता नुसत्या मातीवर पळवायचा. "तोंड उघडा राव! यस म्हणा, नो म्हणा, काही तरी म्हणा! मुक्यावानी नका पळू."

भैरू म्हणायचा, "ज्योत्या, तू आपलं 'चला' म्हण. पण जरा भसाड्या आवाजात म्हण, मंग पळत्याल हे बैल."

सगळे हसायचे. पण हळूहळू तोंडं उघडली. सत्तावन्नच्या उन्हाळ्यात आम्ही एक सामना बरोबरीत सोडवला, पुढचा जिंकलो. आणि ज्योतीरामचं नाव पुण्यात पोचलं. निरोप आला, येत्या रविवारी महाराष्ट्राच्या निवड समितीतले एक गृहस्थ खडकीविरुद्धचा सामना बघायला येणार. ज्योतीरामला बघायला येणार.

त्याच्यासाठी तो रविवार म्हणजे काय होतं, हे वेगळं सांगायला नको. लेथवरचा पोरगा महाराष्ट्राकडून खेळणार. मंजुळाबाईला कुणी विचारलं तर ती दुसरं काही सांगू शकणार.

शनिवारी तो मारुतरावांना म्हणाला, "काका, उद्या तो कोपरा ठोकू द्या. नाहीतर मी दौलतरावांना बोलवून आणतो."

"तू? तू न्हाई जायाचं. मोठ्या मान्साला मोठ्या मान्सानं बोलवायचं आस्तं. मी बघतो."

मारुतराव गेले नाहीत. त्यांचं म्हणणं, दौलतनं सत्कारानंतर एकदा तरी भेटायला यायला हवं होतं. दौलतरावांचं म्हणणं मी पडवीतून ऐकलं. रविवारी सकाळी शालनबाईंनी खुंटीचा हातोडा काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"जा की ठोकून या. पोराचा आज मोठा दिवस आहे म्हणतात."

"बोलावलं न्हाई."

"मॅट घरात तुमच्या, हातोडा घरात तुमच्या, आन् वर आवतन पाहिजे? लगीन हाय का ते?"

"तुला न्हाई कळायचं."

"मला न्हाईच कळत. पण त्या मॅटीला कळत असंल."

कळत होतं, शालनबाई. मला सगळं कळत होतं. मी तोंड नसलेली वस्तू.

तेवढ्यात गडी मला न्यायला आले. ज्योतीराम दौलतरावांच्या पाया पडला. एकानं म्हणायचं होतं "या", दुसऱ्यानं म्हणायचं होतं "येतो". दोनच शब्द. ज्योतीरामला मारुतरावांनी मना केलं होतं आणि दौलतरावांना दौलतरावांनी. गडी मला खांद्यावर घेऊन निघाले. हातोडा जमिनीवर तसाच पडला होता.

माळावर मला ओढलं, बाकीच्या मेखा कारखान्यातल्या हातोड्यानं ठोकल्या. शेवटच्या कोपऱ्याशी सगळे थांबले. भैरूनं सरळ गवतातली मेख उचलली. पहिल्या रांगेतून मारुतराव कडाडले, "ठेव ती खाली! पुण्याचं मानूस बसलंय, आपली रीत बघू दे त्येला!"

भैरूनं ज्योतीरामकडे पाहिलं. ज्योतीराम म्हणाला, "ठेव. दगड ठेव वर." दौलतरावांना घालवल्याचा आरोप त्याच्या मानेवर होता. दुसऱ्यांदा तो घ्यायची त्याची छाती नव्हती. मी त्याला दोष देत नाही. ज्या वयात पोरानं चूक करून शिकायचं, त्या वयात त्याच्या डोक्यावर म्हाताऱ्यांनी पाप ठेवलं होतं.

आमची फलंदाजी आली. आणि काय खेळला तो! पाय तेच, हलके. माझ्यावरून चेंडू उसळायचा आणि तो वाट बघत असल्यासारखा त्याला भेटायचा. पुण्याचे गृहस्थ खुर्ची पुढे ओढून बसले. भैरू दुसऱ्या टोकाला. ज्योतीराम "यस" म्हणायचा, भैरू "यस" म्हणायचा, आणि मला पहिल्यांदा वाटलं, हा संघ आहे. ऊन वाढत होतं. उन्हानं काथ्या आकसतो. माझा डावा कोपरा वर उठत होता. मधे चेंडू अडवताना कुणाच्या तरी पायानं वरचा दगड बाजूला झाला आणि कुणाचं लक्ष गेलं नाही.

ज्योतीरामनं फाइन लेगला चेंडू वळवला. "यस!" पहिली धाव. तो स्टेशनाच्या टोकाला पोचला, वेगात माझ्याबाहेर गेला, वळला. "दोन, भैरू, दोन!" आणि पुन्हा माझ्यावर पाऊल टाकताना त्याच्या बुटाचं टोक त्या उठलेल्या कोपऱ्याखाली शिरलं. पाऊल माझ्यात अडकलं. अंग पुढे गेलं. गुडघा मधल्या मधे वळला.

तो आवाज मी ऐकला. तसा आवाज मी पुन्हा ऐकू इच्छित नाही.

कुणी म्हणेल, मॅटनं पाडलं. मी चटई आहे. ठोकाल तिथं राहते, सोडाल तिथं उठते. ती मेख वीतभर अंतरावर गवतात पडली होती, स्वच्छ, चकचकीत. दौलतरावांचा हातोडा त्यांच्या पडवीत. आणि मारुतराव पहिल्या रांगेत फेटा सावरत म्हणत होते, "दौलत आस्ता तर आसं झालं नस्तं." लोक माना हलवत होते. त्याही वेळी! पोरगं माझ्यावर पडून मुठीत काथ्या धरून ओरडत होतं, आणि हे माना हलवत होते.

पुण्याचे गृहस्थ थोडा वेळ थांबले. "वाईट झालं," म्हणाले आणि स्टेशनाकडे निघून गेले. ते वाईट नव्हते. त्यांना दोन पायांचा फलंदाज हवा होता.

संध्याकाळी भैरूनं मला एकट्यानं खांद्यावरून आणलं आणि दौलतरावांच्या पडवीत धाडकन टाकलं. दौलतराव उठून उभे राहिले. बातमी पोचली होती. भैरूनं खिशातून मेख काढून त्यांच्या पायाशी टाकली.

"तुमची मेख तश्शीच हाय, दौलतराव. कुनी हात लावला न्हाई. जावा, ठोका आता."

दौलतरावांनी वाकून मेख उचलली. शालनबाई आतून आल्या, हातोडा उचलला, खुंटीला लावला आणि आत गेल्या.

भोसरीच्या हाडवैद्यानं पाय बसवला, मग पुण्याच्या दवाखान्यात दाखवला. ज्योतीराम चालू लागला, पण गुडघा वाकत नाही. लेथवर उभं राहवेना. भैरूची सासुरवाडी चाकणजवळ कुरुळीची. त्यानं तिथं पिठाच्या गिरणीवर ज्योतीरामला लावून दिलं. इंजिनाचं काम त्याला येत होतंच, आणि बसून होत होतं.

संघ मोडला. त्याला फार वेळ लागला नाही. माळावर कारखान्याची नवी शेड उभी राहिली, पट्टी गेली. कुणी भांडलं नाही. कोण भांडणार? "दौलत गेला, संघ गेला," हे एकदा ठरलंच होतं. माझे दोन तुकडे केले. निम्मी ऑफिसच्या दारात. निम्मी मी, भैरूनं मागून घेतली आणि एसटीच्या टपावर टाकून कुरुळीला आणली. माझ्या नशिबानं म्हणा की दुर्दैवानं, तो डावा कोपरा माझ्याच वाट्याला आला. तिथली पितळी कडी इतरांपेक्षा कमी झिजलीय. दौलतरावांनंतर माळावर तिच्यातून मेख गेलीच नाही.

कुरुळीला सुगीनंतर एका मोकळ्या वावरात गावचे गडी खेळतात. निम्मी मॅट एका टोकाला पुरते. चेंडू जिथं पडतो तिथं मला अंथरायचं. ज्योतीराम गिरणी बंद करून येतो, लंगडत उभा राहतो. फारसं शिकवत नाही. शेवटच्या मेखेला तो फक्त विचारतो, "आज कुणाची पाळी?" आणि ज्याची असेल तो ठोकतो. कधी सैल होते, कधी घट्ट. चालतं.

गेल्या रविवारी चाकणच्या एसटीतून दौलतराव उतरले. एकटे. धोतर, कोट, हातात कापडी पिशवी. लांबून मी त्यांना टाचेवरून ओळखलं. गडी बाजूला झाले. कुणी तरी कुजबुजलं, "कसोटीवाले!" आणि लगेच सगळे पाया पडायला धावले. ही खोड अजून गेली नाही.

ज्योतीराम हलला नाही. दौलतरावांनी पिशवीतून हातोडा काढला. तोच, खुंटीवरचा. माझा डावा कोपरा मोकळा होता, शेवटची मेख मारायची होती. गडी आपसूक मागे सरले. पुन्हा तेच! मला वाटलं, झालं, आता ही रीत कुरुळीतही आली.

दौलतराव जवळ आले. ज्योतीरामसमोर त्यांनी हातोडा दांड्याकडून पुढे केला.

ज्योतीराम म्हणाला, "मला वाकता येत नाही, दौलतराव."

दौलतरावांचा हात तसाच राहिला. मग ज्याची पाळी होती त्या गड्याकडे त्यांनी हातोडा दिला आणि स्वतः खाली बसले. कोटासकट, मातीत. दोन्ही हातांनी त्यांनी माझा कोपरा धरला आणि खेचला.

"हितं अंगठा घाल," ते गड्याला म्हणाले. "नख आत गेलं पायजे, पेर जाता कामा नये. कळला ताण? आता मार. माझ्या हाताची फिकीर करू नको."

गड्यानं मारली. एक घाव त्यांच्या बोटाला लागला. त्यांनी कोपरा सोडला नाही.

मेख बसली. दौलतराव मातीत बसूनच राहिले. ज्योतीराम त्यांच्याकडे वरून बघत होता.

"हे तवाच सांगायचं होतं, दौलतराव."

"व्हय," दौलतराव म्हणाले.

बस, एवढंच. रडारड नाही, गळाभेट नाही. गड्यांनी त्यांना हात देऊन उठवलं. ते झाडाखाली बसले, सामना पाहिला आणि चारच्या एसटीनं गेले. एकदाही "चला" म्हणाले नाहीत. हातोडा इथंच ठेवून गेले.

मी आता विरत चाललेय. कडेचं कॅनव्हास सुटलंय, मधे भोक पडलंय. एकदोन सुगी काढीन, मग कुणाच्या तरी गोठ्यात जाईन. मला त्याचं दुःख नाही. पण थोरांनो, फेटेवाल्यांनो, खुर्चीत बसलेल्यांनो, मी अजून आहे तोवर माझं एवढं ऐका. तुमचं थांबणं येईल, प्रत्येकाचं येतं. तेव्हा रुसून पडवीत बसू नका आणि तुमची मेख राखून ठेवायला कुणाला सांगू नका. या, मातीत बसा, कोपरा धरा.

आणि ठोकू द्या त्यांना. लागला एखादा घाव बोटाला तर लागू द्या. ज्योतीरामच्या गुडघ्याहून तो खचितच लहान असेल.